धुणं धुऊन साठवलेले दीड लाख डॉलर: अमेरिकेतल्या साध्या माणसांचे निर्णय

सावली

इथे अमेरिकेवर धागा निघाला की तो व्हिसा, निवडणुका नाहीतर घरांच्या किमती यांवर जातो. मला आज एका बाईबद्दल लिहायचं आहे आणि तिच्या निमित्ताने तुम्हा सगळ्यांना काही विचारायचं आहे.

ऑसिओला मकार्टी. जन्म १९०८ चा, मिसिसिपी राज्यातला. वाढली हॅटिसबर्ग गावात, आजी, आई आणि मावशी अशा बायकांच्याच घरात. पोटापाण्यासाठी लोकांचं धुणं घ्यायचं. ऑसिओला सहावीत असताना मावशी आजारी पडली, तिला चालता येईना. तिचं करायला कोणीतरी हवं म्हणून पोरीची शाळा सुटली आणि परत जाणं झालंच नाही. तिथपासून १९९४ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत, तिने लोकांचे कपडे धुतले आणि इस्त्री केले. संधिवाताने हात चालेनात तेव्हाच थांबली.

धुणंही कसं, तर अंगणात काळा लोखंडी हंडा, खाली जाळ. कपडे उकळायचे, फळीवर घासायचे, पुन्हा उकळायचे, खळबळून दोरीवर घालायचे, वाळले की इस्त्री. साठच्या दशकात तिने वॉशिंग मशीन घेऊन पाहिलं. कपडे मनासारखे निघेनात, पांढरे कपडे पिवळट दिसायला लागले, म्हणून मशीन देऊन टाकलं आणि परत फळी हातात घेतली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. गिऱ्हाइकांना फरक कळला असता की नाही कोण जाणे, पण तिला कळत होता.

गाडी कधी घेतली नाही, सगळीकडे पायी. लग्न केलं नाही. मिळालेल्या पैशातून थोडे थोडे बँकेत टाकत गेली आणि टाकलेले काढले नाहीत, बस. म्हातारपणी बँकेतल्या माणसाने विचारलं की तुमच्या माघारी या पैशाचं काय करायचं. तिला टक्केवारीत बोलणं अवघड जाऊ नये म्हणून त्याने टेबलावर दहा सेंटची दहा नाणी मांडली. एकेक नाणं म्हणजे तिच्या पुंजीचा दहावा हिस्सा. तिने एक नाणं चर्चसाठी बाजूला काढलं, तीन नातेवाइकांसाठी, आणि उरलेली सहा घराजवळच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न मिसिसिपीसाठी. ती सहा नाणी म्हणजे दीड लाख डॉलर. पैसे नाहीत म्हणून शिकता येत नाही अशा कृष्णवर्णीय मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी. १९९५ मध्ये ही गोष्ट बाहेर आली तेव्हा गावातल्या व्यापाऱ्यांनी तेवढीच रक्कम उभी केली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तिला पदक दिलं, १९९६ मध्ये हार्वर्डने मानद पदवी दिली. १९९९ मध्ये ती गेली.

"अमेरिकेत माणूस आपलं आयुष्य आपण घडवतो" हे वाक्य आपण सगळेच ऐकतो. ऑसिओलाला घडवायला मिळालं काय? शाळा सोडणं तिच्या हातात नव्हतं. कातडीच्या रंगामुळे कुठली कामं मिळणार तेही ठरलेलं होतं. तिच्या हातात होतं ते एवढंच: धुणं कसं धुवायचं, पैसे काढायचे की ठेवायचे, आणि शेवटी कोणाला द्यायचे. त्या तीन गोष्टींवर तिने आयुष्य उभं केलं. आणि त्या निर्णयांची किंमत तिने दुसऱ्या कोणाच्या खिशातून घेतली नाही.

तर विचारायचं हे की तुम्हाला माहीत असलेल्या कोणा अमेरिकन माणसाच्या एखाद्या निर्णयाने त्याच्या मागे काय उरलं? आणि त्याची किंमत कोणी मोजली? प्रसिद्ध माणसं आणलीत तरी चालेल, पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर टाळू नका.

रानवारा

फार सुंदर. नाण्यांचा प्रसंग वाचून थांबलेच.

व्हरमाँटमधल्या रोनाल्ड रीड यांची आठवण झाली. आयुष्यभर पेट्रोल पंपावर आणि नंतर एका दुकानात साफसफाईचं काम केलं. २०१४ मध्ये ९२ व्या वर्षी गेले तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ८० लाख डॉलर निघाले, बहुतेक शेअर्समध्ये. त्यातले मोठे हिस्से ब्रॅटलबरोच्या रुग्णालयाला आणि सार्वजनिक वाचनालयाला गेले. गावात कोणाला पत्ता नव्हता.

पहाटवारा

सावलीताई, लेख आवडला, पण त्याला जोडून एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्या विद्यापीठाला ऑसिओलाने पैसे दिले त्या विद्यापीठात १९६५ पर्यंत कृष्णवर्णीय मुलांना प्रवेशच नव्हता. म्हणजे तिची शाळा सुटली नसती तरी घराजवळच्या त्या कॉलेजात तिला कोणी घेतलं नसतं.

आणि त्याच दारावर एका माणसाचा बळी गेला. क्लाइड केनार्ड, जन्म १९२७. सैन्यात छत्रीधारी सैनिक होता. नंतर शिकागो विद्यापीठात शिकत होता, पण सावत्र वडील आजारी पडले म्हणून शिक्षण अर्धवट टाकून हॅटिसबर्गजवळ परतला आणि कोंबड्यांचा फार्म सांभाळायला लागला. राहिलेली पदवी जवळच्या कॉलेजातून पुरी करावी एवढीच त्याची इच्छा. हे कॉलेज म्हणजे तेच विद्यापीठ, तेव्हा त्या संस्थेचं नाव मिसिसिपी सदर्न कॉलेज होतं. १९५५ ते १९५९ या काळात त्याने पुन्हा पुन्हा अर्ज केला. वर्तमानपत्राला पत्रं लिहिली, आणि तीही चढ्या आवाजात नव्हे, शांतपणे, मुद्देसूद.

१९५९ मध्ये कॉलेजच्या अध्यक्षांना भेटून तो बाहेर आला तर पोलीस उभे. त्याच्या गाडीत दारू "सापडली". १९६० मध्ये कोंबड्यांच्या खाद्याच्या पाच पोत्यांची चोरी करवल्याचा आरोप लावला, किंमत सगळी मिळून २५ डॉलर. गोऱ्या ज्यूरीने काही मिनिटांत दोषी ठरवलं आणि सात वर्षांची शिक्षा झाली. ज्या मुलाने चोरीची कबुली दिली तो केनार्डविरुद्ध साक्ष देऊन मोकळा सुटला. पार्चमनच्या तुरुंगात केनार्डला कॅन्सर झाला, तरी शेतावर राबवत राहिले. बोभाटा झाल्यावर १९६३ मध्ये सोडलं आणि त्याच वर्षी ४ जुलैला तो शिकागोत वारला. छत्तीस वर्षांचा होता.

ऑसिओला त्याच गावात त्या काळात धुणं धूत होती. तिने पैसे त्याच संस्थेला दिले याचा अर्थ काय लावायचा ते मला अजून ठरवता येत नाही.

सावली

पहाटवारा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. केनार्डशिवाय ही गोष्ट अपुरीच होती.

मी असा अर्थ लावते. मी शिकू शकले नाही, कोणाच्या तरी लेकराला शिकता यावं, अशा आशयाचं ती मुलाखतींतून सांगायची. पूर्वी आम्हाला घेत नव्हते, आता घेतात, हेही ती म्हणाली होती. तिने संस्थेला माफी दिली असं मी म्हणणार नाही, तो अधिकार तिचा, आपला नाही. पण दार उघडलं होतं, आणि उघडलेल्या दारातून जायला पोरांकडे फीचे पैसे नव्हते. तिथे तिने पैसे ठेवले. केनार्डने जे मागितलं होतं त्याचंच हे पुढचं पाऊल आहे, दोघांची ओळख असो वा नसो.

पिट्सबर्गकर

मी मुद्दाम प्रसिद्ध माणूस आणतोय: अँड्र्यू कार्नेगी. कारण त्याच्या निर्णयाचा लाभार्थी मी स्वतः आहे.

स्कॉटलंडमधल्या विणकराचा मुलगा. हातमाग बुडाले, कुटुंब १८४८ मध्ये इथे आलं. तेराव्या वर्षी कापडगिरणीत बॉबिन बदलायचं काम, आठवड्याला १ डॉलर २० सेंट. त्या दिवसांत कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ दर शनिवारी कामकरी पोरांना आपल्या घरची पुस्तकं वाचायला द्यायचे. कार्नेगी ते जन्मभर विसरला नाही. १९०१ मध्ये त्याने पोलादाचा सगळा धंदा ४८ कोटी डॉलरला विकला आणि पुढचं आयुष्य पैसा वाटण्यात घालवलं. अडीच हजारांहून जास्त वाचनालयं, त्यांतली सोळाशेंहून जास्त अमेरिकेत.

त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. इमारतीचे पैसे तो देणार, पण जागा गावाने द्यायची आणि बांधकामाच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी पुस्तकं आणि पगारांसाठी गावाने करातून काढायची. म्हणजे वाचनालय कोणा शेठजीचं न राहता गावाचं झालं. म्हणून त्यांतली कितीतरी आजही चालू आहेत. आमच्या पिट्सबर्गच्या ओकलंड भागातल्या मुख्य वाचनालयाच्या दारावर दगडात कोरलंय, "लोकांसाठी मोफत". १८९५ पासून. माझी मुलं तिथे मोठी झाली. नोकरी गेली होती तेव्हा मी रोज तिथे जाऊन बसायचो, अर्ज लिहायचो. कोणी विचारलं नाही की तुम्ही कोण, कशाला आलात.

कोरा_कागद

पिट्सबर्गकर, तुमच्या गावचीच गोष्ट अर्धी सांगितलीत. होमस्टेड?

१८९२ मध्ये कार्नेगीच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात मजुरीच्या दरावरून तंटा पेटला. कार्नेगी स्कॉटलंडला सुटीवर, कारभार कंपनीचा अध्यक्ष हेन्री फ्रिक याच्याकडे. फ्रिकने कारखान्याला उंच कुंपण घातलं आणि कामगारांना बाहेर काढलं. ६ जुलैच्या पहाटे पिंकर्टन या खाजगी रखवालदार एजन्सीची ३०० सशस्त्र माणसं मनाँगहेला नदीतून बार्ज बोटींत बसून आली. दिवसभर गोळीबार चालला, दोन्हीकडची माणसं मेली. मग राज्याचं सैन्य उतरलं, संप मोडला, युनियन संपली. त्यानंतर कित्येक वर्षं बारा तासांची पाळी चालू राहिली. कार्नेगीने तारेने फ्रिकला पाठिंबाच कळवला होता. त्याआधी काही वर्षं हाच माणूस कामगारांना संघटनेचा हक्क आहे असं लिहीत होता.

१८९८ मध्ये त्याच होमस्टेडमध्ये त्याने भव्य वाचनालय उघडलं. पोहण्याचा तलाव, संगीतगृह, सगळं. बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस पुस्तक कधी उघडणार? ताईंनी धाग्यातच विचारलंय, किंमत कोणी मोजली. इथलं उत्तर स्पष्ट आहे. ऑसिओलाचे दीड लाख आणि कार्नेगीचे कोट्यवधी एका तराजूत घालू नका.

पिट्सबर्गकर

होमस्टेड मी लपवत नव्हतो. होमस्टेडचं वाचनालय मी पाहिलंय आणि रणसंग्राम झाला तो नदीकाठही. इथे राहणाऱ्या कोणालाही ते विसरता येत नाही. १९०१ मध्ये धंदा विकल्यावर त्याने कारखान्यातल्या जखमी कामगारांसाठी आणि मेलेल्यांच्या कुटुंबांसाठी ४० लाख डॉलरचा निधी ठेवला, हेही खरं आहे.

पण मला तुमच्याशी एका मुद्द्यावर भांडायचंच आहे. पैसा कसा मिळवला याचा हिशोब मांडा, जरूर मांडा. मात्र त्या काळात तसाच पैसा मिळवून तो महालांत घालणारे कितीतरी होते. कार्नेगीसमोर दोन्ही रस्ते खुले होते. १८८९ मध्ये त्याने लिहून ठेवलं की श्रीमंत म्हणून मरणं लाजिरवाणं आहे, आणि ते पाळलं, जवळपास सगळा पैसा हयातीत वाटला. हा निर्णय त्याचा होता आणि त्याचं फळ मी खाल्लंय.

कोरा_कागद

फळ तुम्ही खाल्लंत, झाड ज्यांच्या अंगणातून उपटून आणलं त्यांचं काय, एवढाच माझा प्रश्न. त्याने दोन डॉलर मजुरीत वाढवले असते तर त्या माणसांनी आपलं वाचनालय आपण बांधलं असतं, किंवा नसतंही, घरात चांगलं जेवण आलं असतं. तो निर्णय त्यांचा राहिला असता. कार्नेगीचं म्हणणं उलट होतं. मजुरीत वाटला तर पैसा किरकोळीत जाईल, एका शहाण्याच्या हातात राहिला तर समाजाचं भलं होईल. मला ते मान्य नाही. लोकांसाठी काय चांगलं ते लोकांच्या वतीने ठरवणं आणि ऑसिओलाने स्वतःच्या घामाचं देणं, यांत फरक आहे.

डॉक्टरीण_बाई

तुमच्या दोघांच्या वादात मध्ये येते, कारण माझ्या मनातलं नाव देण्याघेण्याच्या बाहेरचं आहे.

फ्रान्सिस केल्सी. जन्म कॅनडातला, पुढे अमेरिकन नागरिक झाल्या. १९६० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि महिन्याभरात टेबलावर एका झोपेच्या औषधाची फाइल आली. युरोपात धडाक्यात खपत होतं, गरोदर बायकांना मळमळीसाठीही देत होते. औषध म्हणजे थॅलिडोमाइड. नवीन माणूस आहे, सोपी फाइल आहे, उरकेल, असा सगळ्यांचा समज.

त्या वेळचा कायदा असा की साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर औषध आपोआप मंजूर. केल्सींनी हरकत घेतली: दिलेली माहिती पुरेशी नाही. कंपनीने आणखी कागद पाठवले. पुन्हा साठ दिवस, पुन्हा हरकत. कंपनीची माणसं येऊन बसायची, फोन करायची, वरिष्ठांकडे तक्रारी करायची की या बाई उगाच अडवून धरतात. १९६१ च्या सुरुवातीला केल्सींनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका डॉक्टरचं पत्र वाचलं. हे औषध बरेच दिवस घेतलेल्यांच्या हातापायांना मुंग्या येतात, असं त्यात होतं. त्यांनी विचारलं, मोठ्या माणसाच्या नसांवर परिणाम होतो, तर पोटातल्या गर्भाचं काय? हा प्रश्न हवेतून आला नव्हता. युद्धकाळात मलेरियावर काम करताना त्यांनी सशांवर पाहिलं होतं की मोठं जनावर क्विनाइन पचवतं, गर्भाला ते जमत नाही.

१९६१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतून बातमी आली. हातपाय नसलेली किंवा अर्धवट वाढलेली मुलं जन्माला येत होती, जगभरात दहा हजारांच्या वर. अमेरिकेत औषध मंजूर नसल्यामुळे तो आकडा अगदी थोडा राहिला. शून्य नाही राहिला, कारण कंपनीने "चाचणी" म्हणून हजाराहून अधिक डॉक्टरांना गोळ्या वाटून ठेवल्या होत्या. १९६२ मध्ये केनेडींनी केल्सींना पदक दिलं आणि त्याच वर्षी कायदा बदलला: औषध गुणकारी आहे हेही कंपनीनेच सिद्ध करायचं आणि चाचणीत भाग घेणाऱ्याची संमती घ्यायची.

मी औषधांच्याच क्षेत्रात आहे. सही न करणं किती अवघड असतं ते रोज पाहते. सही केली तर सगळे खूश, अडवलं तर तुम्ही एकट्या. केल्सींनी वर्षभराहून जास्त काळ ते एकटेपण सोसलं. १०१ वर्षं जगल्या, २०१५ मध्ये गेल्या.

रानवारा

डॉक्टरीण बाई, अंगावर काटा आला. संमतीची अट यातून आली हे माहीत नव्हतं.

मृण्मयी_क

संमतीचा विषय निघालाच आहे तर हेन्रिएटा लॅक्स यांचं नाव इथे यायलाच हवं, धाग्याच्या प्रश्नाला छेद देण्यासाठी.

बाल्टिमोर, १९५१. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३१ व्या वर्षी गेल्या. तपासणीच्या वेळी त्यांच्या गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत गेल्या. त्यांना विचारलं नाही, घरच्यांनाही नाही. तोवर माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत काही दिवसांत मरायच्या, या मरेनात. वाढतच राहिल्या. पोलिओच्या लशीच्या चाचण्यांपासून पुढे कशाकशात त्या वापरल्या गेल्या याची यादी संपत नाही. घरच्यांना पत्ता लागला तो वीसेक वर्षांनी. पेशी विकून कंपन्यांनी पैसा केला आणि त्यांच्या मुलांपैकी काहींकडे आरोग्य विमाही नव्हता. २०२३ मध्ये वारसांची एका कंपनीशी तडजोड झाली.

म्हणजे वारसा केवढा प्रचंड, आणि निर्णय? निर्णयच नाही. "आपल्या निवडींनी आपलं आयुष्य घडतं" हे लिहिताना कोणाला निवडू दिलं गेलं ते आधी विचारा.

नाना_वाईकर

मंडळी, धागा पहिल्यापासून वाचला. सावली, उत्तम विषय काढलास बाळा. मी ज्या अमेरिकन बाईबद्दल लिहितो तिने केलं एवढंच की एका पत्राला उत्तर दिलं.

गोपाळराव जोशी कोल्हापुरात असताना तिथल्या मिशनच्या लोकांशी त्यांचा संबंध आला. बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत होईल का, असं त्यांनी पत्र लिहिलं. कोल्हापुरात मिशनरी राहिलेले वाइल्डर तेव्हा अमेरिकेत मासिक चालवत होते. त्यांनी ते पत्र छापलं आणि सोबत, तुम्ही ख्रिस्ती झालात तर बघू, अशा अर्थाचं उत्तरही छापलं. १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट बघत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. वाचून त्यांना राहवलं नाही. त्यांनी ओळखदेख नसताना आनंदीबाईंना पत्र लिहिलं.

आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या. मूल जाऊन फार दिवस झाले नव्हते. पत्रव्यवहार वाढत गेला, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायला लागल्या. ४ जून १८८३ ला आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या तेव्हा घ्यायला कार्पेंटर मावशी हजर. धर्म बदल, अशी अट घातली नाही. स्वतःच्या घरात ठेवून घेतलं, मग फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात नेऊन पोचवलं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, तरी मला साखळी सांगायची आहे. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभासाठी पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या आणि अमेरिकेत दोन वर्षांहून जास्त राहिल्या, गावोगाव बोलल्या. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन निघाली, दहा वर्षं मदत करायचं वचन देऊन. त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई जोशी नावाची बालविधवा होती. १८९३ मध्ये तिचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं. हिंगण्याच्या संस्थेची गोष्ट तिथून पुढे चालू होते. माझी आई हिंगण्याला शिकली. आमच्या घरात पहिली शिकलेली बाई ती.

आता सावलीचा दुसरा प्रश्न, किंमत कोणी मोजली? मी खरं लिहितो. कार्पेंटर मावशींनी घर दिलं, वेळ दिला, जीव लावला. पण किंमत आनंदीने मोजली. ती थंडी, तो आहार, तो खोकला. परत आली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बावीसही पुरी नव्हती. गोपाळरावांनी तिच्या अस्थी मावशीकडे पाठवल्या. त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे आपल्या घरच्या दफनभूमीत ठेवल्या. आपल्या माणसांत जागा दिली, नावाचा दगड लावला.

सावली

नाना, तुमच्या आईंचं वाचून फार बरं वाटलं.

किंमतीबद्दल तुम्ही आणि मृण्मयीने जे लिहिलंत त्याने माझा प्रश्न जास्त नेमका झाला. आनंदीबाईंना काय पुढे येऊ शकतं याची कल्पना होती, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी जाणारच असं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. केनार्डलाही कल्पना होती, मिसिसिपीत राहून तो अर्ज करत होता. त्यांनी किंमत स्वतः पत्करली. होमस्टेडचे मजूर आणि हेन्रिएटा यांच्यावर ती दुसऱ्यांनी टाकली. मला वाटतं पिट्सबर्गकर आणि कोरा_कागद यांच्या वादाची गाठ इथेच आहे. वाचनालय चांगलं की वाईट यावर तुमचं दुमत नाहीच.

पिट्सबर्गकर

ताई, हे मान्य. तरी कार्नेगीला मी सोडणार नाही. 🙂

नाना, पोकिप्सी आमच्याकडून एका दिवसाच्या प्रवासावर आहे. या उन्हाळ्यात मुलांना घेऊन जाणार, नक्की.

कोरा_कागद

मीही होमस्टेड सोडणार नाही, पण पोकिप्सीला मला बरोबर घ्या.

ह्यू थॉम्प्सन यांचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. १६ मार्च १९६८, व्हिएतनाममधलं माय लाय. हेलिकॉप्टरचा चोवीस-पंचवीस वर्षांचा पायलट. वरून त्याला दिसलं की आपलेच सैनिक गावकऱ्यांना मारतायत. त्याने हेलिकॉप्टर सैनिक आणि पळणारे गावकरी यांच्या मधोमध उतरवलं आणि आपल्या दोघा साथीदारांना सांगितलं, यांनी गावकऱ्यांवर गोळ्या झाडल्या तर तुम्ही यांच्यावर झाडा. खंदकात दडलेल्या काही जणांना बाहेर काढून दुसरी हेलिकॉप्टरं बोलावून हलवलं. मायदेशी त्याला देशद्रोही म्हणाले, धमक्या आल्या, दाराशी मेलेली जनावरं टाकली. सैन्याने सोल्जर्स मेडल दिलं ते १९९८ मध्ये, तीस वर्षांनी. किंमत कोणी मोजली हे सांगायला नको.

मृण्मयी_क

पहाटवारा, केनार्डवरचा आरोप कधी पुसला गेला का? कालपासून तेच डोक्यात आहे.

पहाटवारा

गेला, आणि तेही काही लोकांनी मनावर घेतलं म्हणून. मिसिसिपीतल्या एका वर्तमानपत्राचा शोधपत्रकार जेरी मिचेल याने २००५ च्या सुमाराला ज्याच्या साक्षीवर शिक्षा झाली होती त्या माणसाला शोधून काढलं. तोवर तो म्हातारा झाला होता. त्याने सांगितलं, केनार्डने काही केलं नव्हतं. त्याच वेळी इलिनॉयमधल्या एका हायस्कूलच्या मुलींनी आपल्या शिक्षकाबरोबर हे प्रकरण अभ्यासाला घेतलं होतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले कायद्याचे लोक त्यांना मिळाले. त्यांनी माफीची मागणी लावून धरली. राज्यपालांनी केनार्ड निर्दोष आहे हे मान्य केलं, पण मेलेल्या माणसाला माफी देणार नाही म्हणाले. मग मंडळी कोर्टात गेली. १७ मे २००६ ला, ज्या काउंटीच्या कोर्टात शिक्षा झाली होती तिथेच न्यायाधीशांनी ती रद्द केली.

विद्यापीठाने त्याआधीच, १९९३ मध्ये, एका इमारतीला त्याचं नाव दिलं होतं. विद्यार्थ्यांच्या प्रवेशाचं काम जिथे चालतं ती इमारत.